आवाज केव्हा येतो? जुन्या पिकअपच्या इंजिनाचे निदान

जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनात खटखट सुरू झाली की पहिला प्रश्न असतो, आवाज कुठून येतो? निदान चुकायला सुरुवात बहुधा इथेच होते. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर वेगाने धावतो. हवेत त्याचा वेग साडेतीनशेच्या आत असतो. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर हेड, खाली पत्र्याचे ऑइल चेंबर, पुढे टायमिंगचे झाकण, हे सगळे एकमेकांना बोल्टांनी आवळलेले असते. त्यामुळे तळाशी बसलेला ठोका टॅपेट कव्हरवर ऐकू येतो आणि पुढच्या पुलीचा खडखडाट थेट केबिनमध्ये पोचतो. आवाजाची जागा फसवते, पण वेळ सहसा फसवत नाही. आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, रिकाम्या गाडीत येतो की भरलेल्या, अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येतो की सोडताना, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला येतो की एकाआड एक, एवढे नीट कळले तर पाना हातात घेण्यापूर्वीच संशयितांची यादी दोन-तीनवर येते.

पुण्याचे हडपसर हे या अभ्यासाला सोयीचे ठिकाण आहे. गाडीतळाजवळ सोलापूर रस्ता आणि सासवड रस्ता वेगळे होतात. मांजरीच्या उपबाजाराकडे जाणारा भाजीपाला, पुरंदरची अंजिरे आणि सीताफळे, उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गोदामांतला माल, वाढत्या उपनगराला लागणारे बांधकाम साहित्य, असे बरेच काही या दोन रस्त्यांवरून पिकअपच्या हौद्यात जाते. आषाढी वारीत दोन्ही पालख्यांच्या वाटा हडपसरलाच वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, ज्ञानोबांची दिवे घाटाने सासवडला. दिंड्यांचे सामान वाहणाऱ्या गाड्यांत जुन्या पिकअप भरपूर असतात. एकीकडे मगरपट्टा आणि गाडीतळाची कोंडी, दुसरीकडे दिवे घाटाचा चढ. इंजिनाला दोन्ही टोकांची परीक्षा द्यावी लागते. कोंडीत तासन्‌तास आयडलिंगवर घुरघुरणाऱ्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, इंजिनाचे तास मात्र भरत राहतात. ‘गाडी फार चाललेली नाही’ हे वाक्य हडपसरात म्हणूनच जपून ऐकावे.

बोनेटखाली कोणत्या पिढीचे इंजिन आहे, हे आधी पाहावे लागते. बजाज टेम्पोच्या (२००५ पासून फोर्स मोटर्स) जुन्या ट्रॅक्सच्या कुळातल्या गाड्यांत मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्याचे चार सिलिंडरचे इंजिन असते. त्याचा कॅमशाफ्ट हेडमध्ये, साखळीवर फिरणारा. डिझेल आधी छोट्या पूर्वकक्षात पेट घेते, म्हणून त्याचा आवाज जात्याच मवाळ. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमधले २५२३ सीसीचे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन वेगळ्या जातीचे आहे. त्याचा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडतात. टाटा २०७ डीआयही डायरेक्ट इंजेक्शनचीच. या दोन्ही गाड्या नवेपणीसुद्धा खणखणीत वाजत. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचे ७०२ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन आयडलिंगला थरथरते. तो त्याचा दोष नव्हे. चांगल्या स्थितीतल्या त्याच मॉडेलच्या गाडीशेजारी आपली गाडी उभी करून ऐकणे, हा फुकटचा उपाय फार थोडे लोक करतात.

दुसरा फरक इंधनाच्या पंपाचा. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या तेरा शहरांत भारत स्टेज चार हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. त्यांत पुणे होते आणि सोलापूरही होते. देशभर हा नियम यायला २०१७ उजाडले. मधल्या काळातल्या, एकाच नावाच्या दोन पिकअपमध्ये म्हणूनच एकीत यांत्रिक पंप आणि दुसरीत कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या ताब्यातले उच्च दाबाचे इंजेक्शन, सापडू शकते. दोन्हींच्या तपासणीची रीत वेगळी आहे, आणि गफलत झाली तर ती अंगाशी येते.

कोणताही नवा ठोका ऐकू आला की कान लावण्याआधी ऑइलची पट्टी काढावी. पातळी खाली असेल तर पंप हवा ओढतो आणि बेरिंगांवरचा ऑइलचा थर तुटतो. पातळी वाढलेली असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर गळका इंजेक्टर किंवा पंपाचे सील डिझेल खाली सोडत आहे. पातळ झालेले ऑइल चांगल्या इंजिनालाही वाजवते. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी मिसळले आहे. पट्टी ठीक असेल तर ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी मीटर लावून दाब मोजावा, तोही इंजिन पूर्ण तापल्यावर. दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार, हा जुना अंदाज अजून कामाला येतो. अचूक आकडा कंपनीच्या पुस्तकातून घ्यावा. ठोक्याबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी जिथे असेल तिथेच बंद करायची. ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ म्हणून चालवलेले शेवटचे दोन किलोमीटर क्रँकशाफ्ट खाऊन टाकतात.

यानंतर इंजिनाबाहेरचे भाग. हे काम कंटाळवाणे असते, म्हणून वगळले जाते, आणि त्याचे बिल नंतर मालक भरतो. फॅन बेल्ट काढून इंजिन अर्धा-एक मिनिट चालवले की अल्टरनेटर, बऱ्याच गाड्यांत त्याच्याच मागे बसवलेला व्हॅक्यूम पंप आणि ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात तो पाण्याचा पंप, हे बेल्टवर चालणारे भाग एकदम थांबतात. आवाज गेला तर तो इंजिनाच्या पोटातला नव्हता. पाण्याचा पंप बंद असल्याने चाचणी लांबवायची नाही. आवाज गेल्यावर एकेक पुली हाताने फिरवून पाहिली की खरखरणारे बेरिंग बोटांना कळते. क्लचचे पेडल दाबून पाहणेही असेच सोपे. दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेरिंग; दाबल्यावर थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेरिंगवर. पेडल दाबताच खोल ठोका बदलत किंवा दबत असेल, तर मात्र क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजून क्रँक पुढे-मागे सरकत असण्याची शक्यता असते, आणि ती गंभीर गोष्ट आहे.

सर्वांत जास्त फसवते ती क्रँकची पुढची पुली. तिचा मधला बोल्ट सैल झाला किंवा तिच्यातले रबर सुटले की ती हुबेहूब मेन बेरिंगसारखी वाजते. फ्लायव्हीलचे बोल्ट सैल असले तरी तेच. तुटलेले इंजिन फाउंडेशनही कमी नाही. क्लच सोडताना इंजिन झुकते, फॅन काउलला किंवा सायलेन्सरचा पाइप चासीला घासतो, आणि मालकाला वाटते इंजिन बसले. रस्त्यावर वेगानुसार वाढणारा, पण उभ्या गाडीत कितीही अ‍ॅक्सिलरेटर दिला तरी न येणारा आवाज बहुधा इंजिनाचा नसतो. तो प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, सेंटर बेरिंग किंवा मागच्या डिफरन्शियलकडे बोट दाखवतो.

मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून होणारी एक्झॉस्टची गळती टॅपेटसारखी टिकटिकते. ती सकाळी थंडीत जोरात असते, धातू तापून फुगला की कमी होते आणि चढावर पुन्हा वाढते. गळतीच्या जागी काजळीची काळी जीभ उमटलेली असते. टॅपेटला चढाशी फारसे देणेघेणे नसते. एवढ्या एका फरकावर कित्येक टॅपेट सेटिंगे वाचू शकतात.

बाहेरचे सगळे निर्दोष ठरल्यावर ठोक्यांची गती मोजायची. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्ट एक फेरा घेतो. आयडलिंग ८०० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला तेरा-चौदा वेळा फिरतो आणि कॅम सहा-सात वेळा. सेकंदाला सहा-सात टिचक्या कानाला सुट्या ऐकू येतात. तेरा-चौदा झाल्या की त्यांचा सलग खडखडाट होतो. सुट्या टिचक्या असतील तर झडपा, रॉकर, पुशरॉड, कॅम यांच्याकडे पाहावे. पण एकाच सिलिंडरातला बिघडलेला इंजेक्टरही याच गतीने ठोकतो, कारण एका सिलिंडरात ज्वलन दोन फेऱ्यांतून एकदाच होते. खालच्या बेरिंगसारखा दणदणीत वाजणारा ठोका अर्ध्या गतीचा असेल, तर चेंबर खोलण्याआधी इंजेक्टर तपासलाच पाहिजे. जुन्या डिझेल पिकअपच्या निदानात पैसे वाचवणारे याहून मोठे सूत्र नाही.

जागा शोधायची वेळ आता येते. गॅरेजात त्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हर वापरतात, त्याचे टोक धातूवर आणि मूठ कानामागच्या हाडावर. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप फार महाग नसतो आणि फॅनपासून डोके लांब ठेवता येते, म्हणून तोच बरा. प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी, टॅपेट कव्हरच्या प्रत्येक बोल्टवर, टायमिंगच्या झाकणावर, ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना आणि चेंबरच्या कडेवर क्रमाने टोक टेकवत जायचे. सर्वांत मोठा आवाज शोधायचा नाही. शेजारच्या सिलिंडरपेक्षा वेगळा कोण वाजतो, ते शोधायचे.

टॅपेटचे अंतर इंजिनागणिक वेगळे असते, साधारण मिलिमीटरच्या दोन ते चार दशांशांच्या आसपास. ते फीलर गेजने, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे थंड किंवा गरम इंजिनात तपासतात. सैल टॅपेट वाजतो, पण गाडी चालते. घट्ट टॅपेट वाजत नाही आणि झडप जाळतो. ‘आवाज बंद करून द्या’ या आग्रहापोटी अंतर कमी करून घेणारा मालक स्वतःच्या हेडचे काम पुढच्या वर्षावर लोटतो, एवढेच. अंतर बरोबर असूनही टिकटिक राहिली तर रॉकरचा बुश, वाकलेला पुशरॉड किंवा घासलेला कॅम पाहावा. कॅम झिजला की त्या सिलिंडरची झडप कमी उघडते, आणि आवाजाबरोबर ताकदही जाते.

डिझेलचा स्वतःचा ठोका कुठून येतो, हे समजल्याशिवाय इंजेक्टरचा दोष कळत नाही. डिझेल फवारले गेल्यावर ते लगेच पेटत नाही. मध्ये मिलिसेकंदाचा विलंब असतो. त्या वेळात जमलेले डिझेल एकदम पेटते, दाब उसळतो आणि ठोका ऐकू येतो. इंजिन थंड असेल, पंपाचे टायमिंग पुढे सरकलेले असेल, नोझल फवारण्याऐवजी ठिबकत असेल किंवा डिझेलचा सीटेन क्रमांक कमी असेल तर हा विलंब किंवा जमणारा साठा वाढतो. केरोसीन मिसळलेल्या डिझेलने पंपाचे वंगणही कमी होते. एखाद्या पेट्रोल पंपावर टाकी भरल्यानंतर चारही सिलिंडर सारखेच वाजू लागले तर इंजिनावर नव्हे, टाकीवर संशय घ्यावा. कॉमन रेलमध्ये मुख्य फवाऱ्याआधी थोडेसे डिझेल सोडून हा ठोका मुद्दाम मऊ केलेला असतो. म्हणून अशी गाडी एकाएकी जुन्या गाडीसारखी वाजू लागली तर इंजेक्टर किंवा सेन्सर तपासायचे.

यांत्रिक पंपाच्या इंजिनात सिलिंडर वेगळा करण्याची रीत अनेक दशकांची आहे. आयडलिंगवर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचे डिझेल बंद होते. ठोका पूर्ण गेला आणि धूरही कमी झाला तर इंजेक्टर. तो शेजारच्या सिलिंडरात बदलून बसवला आणि ठोका त्याच्यामागे गेला, तर खात्री पटली. इंजेक्टर हलवला तरी ठोका जागचा हलला नाही आणि त्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर तो दबतो, तर कनेक्टिंग रॉडचे बेरिंग. डिझेल तोडूनही काहीच बदलत नसेल तर झडपांकडे वळावे. मेन बेरिंग एक सिलिंडर तोडून फारसे दबत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकत्र तोडले तर दबते.

कॉमन रेलला हा नट कधीही सैल करायचा नाही. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. सुईच्या टोकाएवढी धार कातडीतून आत शिरते, वरून जखम किरकोळ दिसते आणि आतला स्नायू सडतो. अशा वेळी दवाखान्यात ताबडतोब पोचावे लागते. जुन्या पंपाच्या गाडीतही नटापुढे हात धरू नये. कॉमन रेलमध्ये सिलिंडर स्कॅनरवरून बंद करतात, आणि चार इंजेक्टरांच्या रिटर्नच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून कोणाची बाटली लवकर भरते ते पाहतात. त्या इंजेक्टरांची अदलाबदल करताना काही गाड्यांत त्यांचे कोड संगणकात नव्याने भरावे लागतात.

तळाचे आवाज ओळखायला कानाला सराव लागतो. रॉडच्या बेरिंगचा ठोका कोरडा, हातोडीच्या छोट्या घावासारखा असतो. इंजिन तापल्यावर तो वाढतो, कारण ऑइल पातळ होते. मध्यम आरपीएम धरून अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडला की, ना भार ना ओढ अशा त्या क्षणी, तो सर्वांत स्पष्ट येतो. मेन बेरिंगचा आवाज अधिक जड, पायाखाली जाणवणारा, आणि भार घेताना वाढणारा. दिवे घाटात मोठ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला भरलेली गाडी ओढत नेणे हा बेरिंग मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. म्हणून घाट चढताना आलेला नवा जड आवाज कधीच दुर्लक्षू नये. पिस्टन पिनची आयडलिंगला दुहेरी टकटक असते. पिस्टनचा थपथप आवाज याच्या उलट वागतो. तो थंड इंजिनात जोरात असतो आणि पिस्टन तापून फुगला की काही मिनिटांत विरतो. जुन्या इंजिनात तो सौम्य असेल, ऑइल जळत नसेल, ब्रीदरमधून फार धूर येत नसेल, तर गाडी वर्षानुवर्षे चालू शकते. थंडीत येऊन जाणाऱ्या आवाजावर लगेच बोअरिंगचे काम काढणाऱ्या मिस्त्रीला दुसरे मत विचारायला हरकत नाही.

बेरिंगची खात्री कानाने करायची नसते. ऑइल काढून फिल्टर कापायचा आणि त्याची घडी उजेडात धरायची. लोखंडाचे कण चुंबकाला चिकटतात. बेरिंगच्या मऊ थराचे चमकदार पापुद्रे चिकटत नाहीत. पापुद्रे सापडले तर चेंबर उतरवायचे. बऱ्याच पिकअपमध्ये ते इंजिन गाडीत ठेवूनच निघते, काहींत पुढचा अ‍ॅक्सल किंवा क्रॉसमेंबर आड येतो. रॉडची कॅप काढल्यावर बेरिंगच्या शेलचा करडा थर जाऊन खालचा तांबूस रंग दिसत असेल तर बेरिंग संपलेले आहे. चांगल्या बेरिंगमध्ये मोकळीक मिलिमीटरच्या पाच-सात शतांशांच्या आसपास असते, म्हणजे साधारण केसाएवढी. ती दुप्पट झाली की ठोका सुरू.

नुसते शेल बदलून भागेल का, हे क्रँकचा जर्नल मायक्रोमीटरने मोजल्यावरच ठरते. ओरखडे किंवा लंबगोलपणा असेल तर क्रँक ग्राइंडिंगला पाठवून अंडरसाइज शेल बसवतात. पुण्यात यासाठी लांब जावे लागत नाही. हडपसरशेजारी मुंढव्याला भारत फोर्ज जगभरच्या वाहनांचे क्रँकशाफ्ट घडवते, हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासून कॉम्प्रेसर बनवते. अशा कारखान्यांच्या सावलीत लेथ आणि ग्राइंडिंगचे हात तयार झाले आहेत. मायक्रोमीटर न लावता ‘स्टँडर्ड शेल टाकून देतो’ असे म्हणणाऱ्या गॅरेजात क्रँक सोडू नये. बेरिंग खराब का झाले, हेही त्याच वेळी शोधायचे. ऑइल पंप झिजला होता, गाळणी गाळाने भरली होती, की इंजेक्टरच्या गळतीने ऑइल पातळ झाले होते? कारण तसेच ठेवले तर नवे शेल जुन्यांच्याच वाटेने जातात.

टर्बोचे प्रकरण छोटे आहे. भारावर येणारी फुसफुस आणि सोबत काळा धूर असेल तर बहुधा इंटरकूलरच्या होसचा क्लॅम्प सुटलेला असतो. टर्बो बदलण्याची गरज नसते. बारीक शिट्टी नेहमीचीच. शिट्टीची किरकिर झाली तर हवेचा पाइप काढून टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहावा. पाते घराला टेकत असेल तर गाडी चालवायची नाही. तुटलेला तुकडा किंवा सील फुटून आलेले ऑइल इंजिनात गेले की खर्चाला धरबंद राहत नाही.

जाड ऑइल आणि बाटलीतली औषधे यांविषयी मत स्पष्ट असावे. जाड ऑइल झिजलेल्या बेरिंगचा ठोका काही आठवडे दाबते, आणि तेवढ्याच अवधीत गाडी विकली जाते. जुनी पिकअप विकत घेणाऱ्याने ती रात्रभर उभी राहिलेली असताना, स्वतःसमोर सुरू करून पाहावी. बोनेट हाताला गरम लागत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो आणि पुण्याच्या अनेक गाड्या त्यासाठी दिवे गावातल्या चाचणी ट्रॅकवर जातात. पण त्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर पाहिला जातो. रॉडच्या बेरिंगची मोकळीक नाही. फिटनेसचा कागद इंजिनाच्या तब्येतीचा दाखला मानू नये.

मिस्त्रीकडे जाताना ड्रायव्हरने आवाजाचे नाव सांगू नये, वेळ सांगावी. थंड की गरम, भरलेली की रिकामी, कोणत्या गिअरात, क्लच दाबल्यावर काय, शेवटचे ऑइल केव्हा बदलले, डिझेल कुठे भरले. आणि आवाज सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात नेऊन ठेवावी. गाडीतळाच्या कोंडीतून तापत आलेल्या इंजिनात तो आवाज मिस्त्रीला ऐकू येणार नाही.